रेंजवरचा आरडाओरडा, लोहचुंबक आणि शिकारीचं लायसन्स

तुमचा प्रश्न बराच लांब आहे, म्हणून आधी तो माझ्या शब्दांत मांडतो. कुठे चुकलो तर सांगा. तुम्ही टेक्ससमध्ये एच-वन-बीवर आहात. मित्र आणि त्याची बायको ग्रीन कार्डवर, तुमचे वडील बी-टूवर, म्हणजे पर्यटक व्हिसावर, भारतातून आलेले. शनिवारी चौघं शहराबाहेरच्या एका गन शॉपमध्ये गेलात. दुकानामागे त्यांचीच उघड्यावरची नेमबाजीची रेंज आहे. काउंटरवर व्हिसा विचारला गेला आणि तुम्हाला व वडिलांना नुसतं बघायला सोडलं. मित्राने घरून आणलेल्या रायफलच्या गोळ्यांना रेंजवाल्यांनी लोहचुंबक लावून अर्ध्या बाजूला काढल्या. मधल्या वेळात तुम्ही टेबलावरची रिकामी रायफल फोटोसाठी उचलायला गेलात, तर लाल शर्टातला माणूस चारचौघांत अंगावर ओरडला. तासाभरात १४० डॉलर गेले. वहिनींचं मनगट दुखावलं. आता तुम्ही विचारताय की हा वर्णभेद होता की उद्धटपणा, दुकानाला एकच तारा द्यावा का, आणि मित्राच्या नावावर बंदूक घेऊन टाकली तर पुढची कटकट मिटेल का.

मी याच राज्यात रेंज सेफ्टी ऑफिसरचं काम करतो, म्हणजे तो लाल शर्ट. तेव्हा माझा कल कुठे असेल हे धरूनच वाचा. तुमच्या बहुतेक तक्रारींत मला दुकान बरोबर वाटतं. एक तक्रार मात्र तुम्ही अर्ध्या ओळीत उरकलीत, वहिनींच्या मनगटाची, आणि दुकानाचा खरा दोष तिथेच आहे. मित्राच्या नावावर बंदूक घेण्याचा विचार तर आजच्या आज सोडा. का, ते ओघात येईलच.

व्हिसापासून सुरुवात करू. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात, अठराव्या टायटलच्या ९२२ कलमात, बंदूक किंवा गोळ्या कोणी बाळगू नयेत याची यादी आहे. सजा झालेले गुन्हेगार, बेकायदा राहणारे यांच्या जोडीला त्याच यादीत नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेला माणूसही आहे. एच-वन-बी, एच-फोर, एल-वन, एफ-वन, बी-टू सगळे त्यात बसतात. आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर होऊन दहा वर्षं रांगेत उभे असाल तरी ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत तुम्ही त्याच यादीत. आणि बाळगणं म्हणजे विकत घेऊन घरी ठेवणं एवढंच नव्हे. रेंजवर भाड्याची पिस्तूल पाच मिनिटं हातात धरली तरी ते बाळगणंच. मित्राची रायफल मित्रासमोर चालवली तरी तेच, आणि त्यात मित्रही अडकतो, कारण बंदी असलेल्या माणसाच्या हातात जाणूनबुजून बंदूक देणं हा वेगळा गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर बाळगण्याच्या गुन्ह्याला १५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय बंदुकीचा गुन्हा सिद्ध झाला की देशाबाहेर काढायला तो आधार पुरतो. तुमच्या-माझ्यासारख्यांना खरी धास्ती कैदेपेक्षा याची.

हे नुसतं पुस्तकी नाही. सुप्रीम कोर्टाचा २०१९ चा रेहाइफ खटला अशाच एका रेंजवरून सुरू झाला. विद्यार्थी व्हिसावर आलेल्या तरुणाला कमी गुणांमुळे विद्यापीठाने काढलं, त्याची स्थिती संपली, त्यानंतर तो फ्लोरिडातल्या एका रेंजवर जाऊन दोन बंदुका चालवून आला. गुन्हा एवढाच. कोर्टाने ठरवलं की अशा माणसाला आपण बंदी असलेल्या यादीत आहोत हे ठाऊक होतं, हेही सरकारने सिद्ध करायला हवं. त्याला त्याचा फायदा झाला. तुम्ही मात्र आता हा परिच्छेद वाचलाय.

मग दुकानाने विचारलं का? भाड्याची बंदूक त्याच आवारात वापरून परत करायची असेल तर ४४७३ नंबरचा केंद्रीय फॉर्म भरावा लागत नाही, म्हणजे एफबीआयकडून होणारी पार्श्वभूमीची तपासणीही होत नाही. आड येणारी चाळणी एकच: दुकानाचा स्वतःचा फॉर्म आणि काउंटरवरच्या माणसाचा प्रश्न. काही रेंज काहीच विचारत नाहीत, टॅबलेट पुढे करतात आणि आपण भराभर सह्या ठोकतो. त्या सह्यांत 'मला बंदूक बाळगायला कायद्याने मनाई नाही' हे वाक्य असतं. ज्या रेंजने काहीच विचारलं नाही ती आपल्याला 'छान, मोकळी' वाटते. खरं तर तिने तुमच्याकडून खोटं लिहून घेतलेलं असतं.

वर्णभेदाबद्दल मी ठाम बोलू शकत नाही, कारण मी तिथे नव्हतो. कसोटी मात्र सोपी आहे. 'सिटिझन, ग्रीन कार्ड की व्हिसा' हा प्रश्न रांगेतल्या प्रत्येकाला विचारला गेला, की तुमचा चेहरा बघून फक्त तुम्हाला? पहिलं असेल तर तक्रारीला जागा नाही. दुसरं असेल तर आहे, आणि ती तशीच लिहा. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. व्हिसाशिवाय येण्याची मुभा असलेल्या देशांतल्या पाहुण्यांना २०१२ पासून ही बंदी लागू होत नाही, कारण ते व्हिसावर आलेलेच नसतात. त्यामुळे शेजारच्या लेनवर जर्मन पर्यटक गोळ्या झाडतोय आणि तुमच्या वडिलांना मागे उभं केलंय, हे दृश्य बघायला कितीही वाईट वाटलं तरी कायद्याला धरून असू शकतं.

या बंदीला एक सरळ वाट आहे, आणि ती तुम्हाला काउंटरवर कोणी सांगितली नाही हे मला खटकलं. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचं शिकारीचं चालू लायसन्स असलेल्या नॉन-इमिग्रंटला अपवाद आहे. टेक्ससमध्ये सलग सहा महिन्यांहून जास्त राहिलेल्याला ते २५ डॉलरला मिळतं, पार्क्स अँड वाइल्डलाइफ खात्याच्या संकेतस्थळावर किंवा अगदी वॉलमार्टच्या काउंटरवर. वडिलांसाठी परराज्यवाल्यांचं लायसन्स लागेल. पूर्ण मोसमाचं ३१५ डॉलरला आहे, पण पाच दिवसांचं खास लायसन्स ४८ डॉलरला मिळतं. शिकार करायचीच असं बंधन नाही. प्रत्यक्ष शिकारीला जायचं ठरलं तर २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो. नुसतं लायसन्स घ्यायला तो लागत नाही. लायसन्सचा कागद, पासपोर्ट आणि आय-९४ ची, म्हणजे देशात प्रवेशाच्या नोंदीची, प्रत बरोबर ठेवा. आणि जायच्या आधी फोन करा, कारण एवढं सगळं असूनही व्हिसावरच्या कोणालाच बंदूक न देण्याचं धोरण काही दुकानं ठेवतात. तो त्यांचा अधिकार आहे.

आता मित्राच्या नावावर बंदूक. ४४७३ वर पहिल्याच प्रश्नांत विचारतात की खरा खरेदीदार तुम्हीच आहात ना. मित्राने 'हो' लिहिलं आणि पैसे व बंदूक तुमची असली, तर ती दुसऱ्यासाठी केलेली खरेदी. २०२२ पासून त्यासाठी स्वतंत्र कलम आहे आणि सजा १५ वर्षांपर्यंत. काउंटरवर मराठीत कुजबुजलं तरी हावभावांवरून कळतं. एकजण बंदूक निवडतोय, दुसरा कार्ड काढतोय, तिसरंच कोणी फॉर्म भरतंय, असं दिसलं की विक्रेता नाही म्हणतो आणि त्याने तसंच म्हणायला हवं. गंमत अशी की शिकारीचं लायसन्स असेल तर तुम्ही स्वतःच्या नावावर कायदेशीर खरेदी करू शकता, मग ही आडवाट हवीच कशाला? फक्त एक खाचखळगा आहे. टेक्ससचं हे लायसन्स तुम्ही कधीही घ्या, ते ३१ ऑगस्टला संपतं. १ सप्टेंबरला नवं घेतलं नाही, तर घरच्या कपाटातली बंदूक त्या दिवसापासून तुमच्या ताब्यात बेकायदा. घेणारच असाल तर फोनमध्ये आठवण लावा, २५ ऑगस्टची.

आता ओरडण्याकडे येतो. तुमचा राग मला समजतो. वडिलांसमोर कोणी खेकसलं तर कोणालाही लागेल. पण त्या क्षणी काय चाललं होतं ते तुमच्याच वर्णनातून बघू. तुम्ही लिहिलंय की 'ब्रेक होता, लोक टार्गेट बदलायला पुढे गेले होते'. त्याला ब्रेक म्हणत नाहीत. रेंज 'कोल्ड' होती, म्हणजे गोळीबार पूर्ण बंद.

उघड्या रेंजवर टार्गेट बदलायला माणसं स्वतःच्या पायांनी गोळीबाराच्या दिशेने चालत जातात. बंदिस्त रेंजवर टार्गेट तारेवरून आपल्याकडे येतं, म्हणून तिथे हा प्रकार नसतो. बाहेर मात्र दर पंधरा-वीस मिनिटांनी हे घडतं. 'सीझ फायर' पुकारलं की प्रत्येकाने गोळीबार थांबवायचा, मॅगझीन काढायचं, बोल्ट (चेंबर बंद करणारा दांडा) मागे अडकवून चेंबर, म्हणजे गोळी बसते तो कप्पा, उघडं ठेवायचं, त्यात भडक रंगाचा प्लास्टिकचा झेंडा खोचायचा, बंदूक टेबलावर नळी पुढे करून ठेवायची आणि जमिनीवरच्या पिवळ्या किंवा लाल पट्ट्याच्या मागे यायचं. मग ऑफिसर प्रत्येक टेबलापाशी जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी चेंबर बघतो. त्यानंतरच लोक पुढे जातात. ते परत येऊन 'रेंज हॉट' पुकारेपर्यंत पट्ट्याच्या पुढे, टेबलाजवळ, कोणीही जायचं नाही. बंदुकीला हात लावायचा नाही हे उघडच आहे, पण पेटी बंद करायची नाही, मॅगझीन भरायचं नाही, रायफलवरच्या दुर्बिणीतून बघायचंही नाही. कारण पन्नास किंवा शंभर यार्डांवर पाठ करून उभ्या असलेल्या माणसाला मागे वळल्यावर एवढंच दिसतं की कोणीतरी बंदुकीमागे उभं आहे. बंदूक रिकामी आहे हे त्याला कळायचा मार्ग नाही.

'पण ती रिकामीच होती' हे प्रत्येकजण म्हणतो. चुकून सुटलेल्या गोळ्यांच्या गोष्टी याच वाक्याने सुरू होतात. म्हणून नियम 'भरलेल्या बंदुकीला हात लावू नका' असा नसून 'हात लावू नका' असा असतो. पहिल्या नियमात निर्णय गिऱ्हाइकावर सोपवलेला असतो, दुसऱ्यात कोणावरच नाही.

आणि आवाज? रेंजवरच्या माणसाच्या कानात फोमचे बोळे आणि वर कान झाकणारे मफ असतात, तुमच्याही असतात. साधं बोलणं पोचत नाही. त्याला एका श्वासात, एका शब्दात तुमचा हात थांबवायचा असतो. तिथे 'प्लीज सर' बसत नाही. त्यानंतर त्याने काय केलं हे महत्त्वाचं. तुम्ही मागे आल्यावर जवळ येऊन, मफ बाजूला करून, काय चुकलं ते त्याने सांगितलं असेल, तर तो चांगला ऑफिसर. नुसता ओरडून निघून गेला असेल तर अर्धंच काम केलं. शिव्या दिल्या असतील किंवा धरून ओढलं असेल तर जरूर तक्रार करा. बाकी, तुम्ही एच-वन-बीवर लायसन्सशिवाय ती रायफल उचलणार होता, हे वरचं सगळं वाचल्यावर आता तुम्हालाच जाणवलं असेल. त्या ओरडण्याने तुमच्या दोन चुका एकदम थांबवल्या.

लोहचुंबकाचं थोडक्यात सांगतो. साध्या गोळीत आत शिसं आणि वर तांब्याचा पातळ मुलामा असतो. त्याला चुंबक चिकटत नाही. चिकटलं तर दोन शक्यता. एक, आत पोलाद आहे. मित्राच्या डब्यातल्या हिरव्या टोकाच्या गोळ्या बहुधा एम-८५५ असाव्यात, त्यांच्या टोकाशी पोलादी तुकडा असतो. दुसरी, वरचा मुलामाच पोलादाचा असून त्यावर तांब्याचा हात फिरवलेला आहे, जे स्वस्त आयात गोळ्यांत सर्रास असतं. रेंजला याचा राग दोन कारणांनी. उघड्यावर, विशेषतः ऑगस्टच्या वाळक्या गवतात, पोलाद दगडावर आपटून ठिणगी पडते आणि आग लागते. दुसरं कारण पोलादी टार्गेटं. चांगल्या सपाट पत्र्यावर शिशाची गोळी फुटली की तुकडे पत्र्याला जवळजवळ समांतर, बाजूंना उडतात. पोलादी गाभ्याच्या गोळीने पत्र्याला खळगे पडतात, आणि पुढच्या माणसाची गोळी त्या खळग्यात पडली की तुकडे वळून थेट त्याच्याच तोंडाकडे येतात. म्हणजे तुमच्या मित्राच्या गोळीचा त्रास त्याला होत नाही, तासाभराने येणाऱ्या अनोळखी माणसाला होतो. डबा घेताना दुकानातच छोटं चुंबक गोळीच्या टोकाला लावून बघा. टोकाला, दारू भरलेल्या खालच्या नळकांड्याला नव्हे. नळकांडं पोलादी असलं तरी बऱ्याच रेंजना चालतं. ज्यांना चालत नाही त्यांचं कारण बहुतेकदा एवढंच की ते खाली पडलेलं पितळ गोळा करून विकतात आणि त्यात पोलाद मिसळलेलं नको असतं.

बिलाबद्दल तुम्ही दिलेला हिशेब: लेन दोघांची ४०, दोन भाड्याच्या पिस्तुलांचे ३०, नऊ मिलिमीटर मापाच्या गोळ्यांचा डबा २०, .३८ मापाच्या गोळ्यांचा डबा ३५, टार्गेट ४, वर सव्वाआठ टक्के कर. यात लूट कुठेही नाही. भाड्याच्या बंदुकीत त्यांच्याच गोळ्या वापरायच्या या अटीत नफा आहे हे खरं, पण घरी भरलेल्या गोळ्यांत चुकून दुप्पट दारू पडली तर बंदूक हातात फुटते, हेही तितकंच खरं. फक्त तो .३८ चा डबा घ्यायलाच नको होता.

इथून वहिनींचं मनगट. तुम्ही लिहिलंय की काउंटरवरच्या माणसाने 'लेडीजसाठी ही छोटी बरी' म्हणून पाच गोळ्यांची हलकी .३८ ची रिव्हॉल्व्हर दिली, दोन गोळ्यांत त्यांनी ती खाली ठेवली आणि उरलेला वेळ बसून काढला. हा या धंद्यातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात वाईट सल्ला. ती रिव्हॉल्व्हर जेमतेम ४०० ग्रॅमची असते. गोळीचा धक्का तोच, पण तो पचवायला वजन नाही, धरायला दांडा आखूड, करंगळी हवेत लोंबते. लहान बंदूक लपवायला सोपी आणि चालवायला अवघड. अनुभवी लोकही तिच्यावर पंचवीस गोळ्यांत थकतात. नवख्या माणसाला ती द्यायची म्हणजे ट्रिगर ओढण्याआधीच डोळे मिटायची सवय लावायची. ती सवय सोडवायला पुढे महिने जातात.

पहिल्यांदा, मग बाई असो, पुरुष असो, की सहा फुटी जिमवाला असो, .२२ या लहान मापाच्या गोळीची, पण पूर्ण आकाराची पिस्तूल किंवा रायफल घ्या. किलोभर वजनाची .२२ पिस्तूल हातात जवळपास हलतच नाही. कोणाला हे पोरखेळ वाटलं तर सांगा, कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचं कांस्य मिळवलं ते याच .२२ लाँग रायफल काडतुसावर. गोळ्याही काही सेंटला एक पडतात, त्यामुळे भीड चेपेपर्यंत झाडता येतात.

टार्गेट सात यार्डांवर, म्हणजे २१ फुटांवर लावा. लांब लावून चुकवण्यात मजा नाही. पण उघड्या रेंजवर एक गोष्ट बघावी लागते: डोळ्यापासून टार्गेटमधून निघालेली रेषा पुढे मागच्या मातीच्या बांधावरच पोचली पाहिजे. बांध साधारण १५ ते २० फूट उंच असतो. जवळचं टार्गेट गुडघ्याच्या उंचीवर लावलं तर गोळी बांधाआधीच जमिनीला लागते आणि पाण्यावरच्या चपट्या दगडासारखी उसळते. म्हणून ऑफिसर टार्गेट वर घ्यायला सांगतो. उगीच नाही.

मॅगझीनमध्ये पहिल्या वेळी एकच गोळी भरा. नवख्याचा हात धक्क्याने वर उडतो, घाबरून मूठ आवळते आणि बोट ट्रिगरवरच असेल तर दुसरी गोळी आभाळात जाते. एकच गोळी असेल तर काही बिघडत नाही. दोन-तीनदा असं झालं की दोन भरा, मग पाच. .२२ च्या पन्नास गोळ्या शांतपणे संपल्या की मग नऊ मिलिमीटर, तीही पूर्ण आकाराची, पुन्हा एका गोळीपासून. दोन्ही अंगठे एकाच बाजूला पुढे ठेवा. डावा अंगठा उजव्या हाताच्या मागून आडवा घेऊन धरायची सिनेमातली पद्धत स्लाइड (वरचा मागे-पुढे सरकणारा भाग) असलेल्या पिस्तुलावर केली तर स्लाइड मागे येताना अंगठ्याचं सालपट काढते. रिव्हॉल्व्हरमध्ये उलट, बोटं चक्राच्या पुढच्या फटीजवळ नेऊ नका, तिथून गरम वायू फवाऱ्यासारखा बाहेर पडतो.

ट्रिगर ओढला आणि नुसतंच 'टक्' झालं तर नळी पुढेच धरून तीस सेकंद थांबायचं. काडतूस उशिराने पेटू शकतं. आणि 'ठो' ऐवजी दबकं 'फुस्स' आलं तर त्या बंदुकीने पुढची गोळी झाडायचीच नाही. आधीची गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि तिच्यावर दुसरी गेली की नळी फुगते किंवा फाटते. हात वर करा, आम्ही येतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

कपड्यांचं बायकांना आवर्जून सांगावं लागतं, आणि दुकानाने ते फोनवरच सांगायला हवं होतं. मोठ्या गळ्याचा टॉप, सैल ओढणी, पायात चप्पल नको. पिस्तुलातून उडालेलं पितळ भाजेल इतकं गरम असतं, आणि ते गळ्यातून आत पडलं की माणूस बंदुकीसकट गिरकी घेतो. भाजण्याचं फारसं काही नाही. त्या गिरकीत नळी शेजारच्यावर येते, खरा धोका तो. बंद गळा, टोपी, बंद बूट. वडील मागे उभे होते, तरी कानांचं संरक्षण त्यांनाही तेवढंच लागतं: .२२ ची रायफलसुद्धा १४० डेसिबलच्या आसपास जाते, मोठ्या रायफली १६० च्या वर. फोमचा बोळा बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर-मागे ओढायचा, बोळा आत सारून फुगेपर्यंत धरायचा. अर्धा बाहेर लोंबत असेल तर त्याचा उपयोग नाही. वर मफ घाला. आणि लेनमागच्या बाकावर डबा उघडून पोळीभाजी खाऊ नका. गोळ्यांच्या टोपीत आणि गोळीत शिसं असतं, ते हाताला लागतं. आधी थंड पाण्याने साबण लावून हात-तोंड धुवा. घरी लहान मूल असेल तर कपडे-बूट बदलूनच त्याला उचला.

पुढचं दुकान निवडताना तारे बघू नका, काउंटरवरच्या माणसाचे हात बघा. काचेखालची पिस्तूल दाखवायला सांगा. त्याने ती काढून मॅगझीन बाहेर काढलं, स्लाइड मागे अडकवली, चेंबरमध्ये नजर टाकली, नळी भिंतीकडे ठेवून तुमच्यापुढे केली, तर तिथली रेंजही बहुधा तशीच असते. हातात घेतल्यावर तुम्हीही पुन्हा चेंबर बघा. तो रागावणार नाही, उलट त्याला बरं वाटेल. विचारल्याशिवाय रिकामा ट्रिगर ओढू नका, .२२ वर तर नाहीच, तिची सुई चेंबरच्या कडेवर आपटून खराब होऊ शकते. आणि बोलता बोलता त्याने नळी तुमच्या पोटावरून फिरवली, तर तो कितीही गोड बोलत असला तरी निघून या.

फोनवर विचारायच्या गोष्टी मोजक्याच: व्हिसा आणि शिकारीच्या लायसन्सचं धोरण काय, नवख्यांसाठी .२२ भाड्याने आहे का, शनिवारी रेंजवर ऑफिसर किती असतात, पहिल्या वेळी तासाभराचा शिक्षक मिळतो का. स्वतःची बंदूक नसलेल्या एकट्या माणसाला बऱ्याच रेंज भाड्याने देत नाहीत. तो नियम आत्महत्या टाळण्यासाठी आहे. कोणी 'एकटेच आहात का' विचारलं तर वाईट वाटून घेऊ नका.

तारे किती द्यायचे ते तुमचं तुम्ही ठरवा. मी असतो तर वहिनींना दिलेल्या त्या रिव्हॉल्व्हरबद्दल आणि लायसन्सचा अपवाद न सांगितल्याबद्दल लिहिलं असतं, ओरडण्याबद्दल नाही.

राहिली एक गोष्ट. शेवटी सहज लिहिलंय तुम्ही, की बाबांनी आठवण म्हणून दोन रिकामी पितळी नळकांडी खिशात टाकली आणि पुढच्या आठवड्यात ते मुंबईला निघतायत. ती आजच काढून मित्राकडे द्या. अमेरिकी कायद्याच्या व्याख्येत दारूगोळा म्हणजे नुसती भरलेली गोळी नव्हे, काडतुसाचं नळकांडंही त्यात येतं, आणि मुंबईच्या विमानतळावर एक्स-रेमध्ये ते दिसलं की चौकशी टळत नाही. मित्राची रेंजची बॅग प्रवासाला मागून घेतली असेल तर तीही परत करा. तिच्या शिवणीत .२२ ची एखादी जिवंत गोळी अडकलेली असू शकते, जेमतेम इंचभर लांबीची, बोटांना लागतही नाही. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली त्यावर गुन्हा नोंदवला जातो. जाणीवपूर्वक बाळगली नव्हती म्हणून असे खटले पुढे कोर्टात रद्दही होतात, पण तोवर विमान गेलेलं असतं आणि वडील वकील शोधत फिरतात. बॅग दुसरी घ्या, आणि त्यांच्या पॅंटचे खिसे धुण्याआधी उलटे करून बघा.